उसाच्या ट्रॉलीचे चाक-लॉक चोराला सहज निकामी करता येऊ नये, म्हणून त्यात काय सुधारणा करावी?

चाकाचे सर्व नट झाकणारी जाड पोलादी तबकडी लॉकलाच जोडून घ्यावी. कारण नट उघडे राहिले, तर चोर लॉक तोडण्याच्या फंदात न पडता ते चाकच काढतो आणि दुसरे बसवून ट्रॉली ओढून नेतो. कुलपाच्या कडीभोवती जाड पाइपचा तुकडा असा वेल्ड करावा, की किल्ली आत जाईल, पण कटरचे जबडे किंवा पहार शिरणार नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे काम होते. मात्र पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून व झटकन थंड करून कठीण केलेल्या, पोलादावर वेल्डिंग करू देऊ नये, उष्णतेने त्याचे पाणी उतरते. लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरपुढे कोणतेही लॉक चोराचा फक्त वेळ खाते, त्यामुळे गळीत हंगामानंतर ट्रॉली वस्तीजवळ, उजेडातच उभी करावी.