ऑलिगो (डीएनएचे छोटे कृत्रिम तुकडे) मागवताना पद्धत कोणती निवडावी?

प्रश्न : तुरीच्या वाणांवरील कामासाठी मला 20 बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) आठ प्रायमर (डीएनएच्या प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे आखूड तुकडे) आणि 120 बेसचा एक डीएनए तुकडा बनवून घ्यायचा आहे. रासायनिक पद्धत निवडावी की एन्झाइमची? — एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : प्रायमरसाठी फार विचार करण्याचे कारण नाही, 1980च्या दशकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञ मार्विन कॅरुथर्स यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आलेली फॉस्फोरामिडाइट ही रासायनिक पद्धत आणि केवळ क्षार काढलेला माल पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेला) पुरतो. खरी अडचण लांब तुकड्याची आहे. प्रत्येक बेस जोडताना 99 टक्के यश मिळते असे धरले, तर 20 बेसच्या सुमारे 83 टक्के साखळ्या पूर्ण लांबीच्या निघतात, 120 बेसच्या मात्र जेमतेम 30 टक्के. शिवाय दर फेरीत वापरलेल्या आम्लाने काही प्युरीन बेस (A आणि G) निखळतात ते वेगळेच. एन्झाइमच्या पद्धतीतले टर्मिनल ट्रान्सफरेज हे एन्झाइम साच्याविना (नक्कल करायला दुसरी साखळी नसताना) आणि पाण्यातच काम करत असल्याने आम्लाचा हा मारा बराचसा टळतो. तरीही 120 बेस रासायनिक पद्धतीच्या आवाक्यात आहेत, म्हणून मी तीच निवडून जेलवर (लांबीनुसार वेगळा करून) शुद्ध केलेला तुकडा मागवीन. चिपवरील संश्लेषण (एकाच चिपवर अनेक तुकडे एकदम बनवणे) हजारो क्रम एकत्र हवे असतील तेव्हाचे. नऊ नळ्यांसाठी तो खटाटोप व्यर्थ आहे.

नळी रिकामी दिसली तरी घाबरू नये. सुकलेला डीएनए डोळ्यांना क्वचितच दिसतो आणि प्रवासात झाकणालाही चिकटतो, म्हणून उघडण्यापूर्वी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी.