झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढायला पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवणं सुरक्षित आहे का?

नाही, शक्यतो पाठवू नका. कोल्हापुरात राजारामपुरी असो की महाद्वार रोड, बहुतेक दुकानांत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर व्हॉट्सअॅप वेब उघडं असतं. तुमची फाईल तिथल्या डाउनलोड्समध्ये उतरते आणि राहते. नंतर तुम्ही ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंत तरी डाउनलोड झालेली प्रत जात नाही. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीच्या कुणालाही जमेल असा!

त्यापेक्षा आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ घ्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांनाही लॉजवर हेच द्यायला सांगा. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे बोटांच्या ठशांचा गैरवापर होणार नाही. लागेल तेव्हा उघडता येतं.

फाईल पाठवावीच लागली, तर प्रिंट निघाल्यावर समोर उभं राहून डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्हीकडून काढायला लावा. संकोच करू नका, कागद तुमचा आहे. खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.