पट्टी कोणी बांधली?

"मॅडम, मी फक्त दुसऱ्यांची पात्रं काढते. माझं स्वतःचं असं काही नाहीच." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी थोड्याफार फरकाने इतक्या चित्रकार मुलामुलींच्या तोंडून ऐकले आहे की, आता ते कोणी उच्चारले की पुढचे वाक्यही मला माहीत असते. आवडत्या मालिकेतील, खेळातील किंवा कॉमिक्समधील पात्रे रंगवणारे 'फॅन आर्ट'वाले आणि स्वतःची पात्रे, स्वतःचे जग रचणारे 'ओरिजिनल'वाले, असे दोन तट ऑनलाइन चित्रकारांमध्ये पडले आहेत. खरा कलावंत कोण, यावर तेथे सतत वाद चालू असतो. त्या वादातले कडवट शब्द वाद संपल्यावरही विशीतल्या मुलांच्या मनात घर करून राहतात आणि तेथून ते माझ्या समुपदेशन-कक्षातील समोरच्या खुर्चीपर्यंत येतात. म्हणून त्यांपैकी एका मुलीची हकीकत तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगत आहे.

ती आली तेव्हा दोन महिने तिने काहीही काढले नव्हते. एका मालिकेतील योद्ध्याच्या चित्रांसाठी हजारो लोक तिला टोपणनावाने ओळखत होते. मग तीन आठवडे खपून तिने स्वतः निर्माण केलेल्या पात्राचे चित्र पोस्ट केले. त्याला जेमतेम चाळीस लाइक मिळाले, तर त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सहज काढलेल्या योद्ध्याच्या स्केचला चार हजार. त्या स्केचखाली कोणीतरी लिहिले होते, "या कुबड्या टाकून कधी चालणार?"

"त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "लोकांना तो योद्धा आवडतो. मी नाही."

येथे एक कबुली दिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी सल्ला दिला होता, की महिनाभर फॅन आर्ट पूर्ण बंद ठेव आणि फक्त स्वतःचे काढ. सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्या मुलाने तो प्रामाणिकपणे पाळला आणि महिनाअखेर त्याचे चित्र काढणेच थांबले. त्याच्या मनातल्या टीकाकाराची बाजू मी घेतली होती, हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून 'बंद कर' हे शब्द मी या विषयात वापरत नाही.

तिला मी फक्त जुनी चित्रे घेऊन यायला सांगितले. पुढच्या भेटीत तिने तीसेक चित्रे टेबलावर मांडली आणि आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता ती पाहत राहिलो. मला चित्रकलेतले तांत्रिक फारसे कळत नाही, आणि कदाचित म्हणूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आली: एवढ्या चित्रांत एकही लढाई नव्हती. योद्धा प्रत्येक वेळी बसलेला होता, तलवार बाजूला पडलेली होती आणि पायाला पांढरी पट्टी होती. ती पट्टी विलक्षण जिव्हाळ्याने काढलेली होती. कापडाचा एकेक थर, कडेला सुटलेला धागा आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बांधलेली चपटी गाठ. चेहरा काही चित्रांत घाईने उरकलेला दिसत होता, पण गाठ कधीच नाही.

"यात मूळ मालिकेत नसलेलं काय आहे?" मी विचारले.

"सगळं तिथलंच आहे. चिलखत, केस, डोळ्यावरचा व्रण." ती थांबली. "पट्टी नाही. मालिकेत तो जखमी होतो आणि पुढच्या भागात थेट उभा असतो. मधलं काही दाखवतच नाहीत."

"आणि तुला मधलं हवं होतं."

"त्याला पट्टी कोणी बांधली, हे कोणीतरी दाखवायला हवं होतं ना?"

हे शेवटचे शब्द उच्चारताना तिचा आवाज बदलला. मी काही विचारले नाही. अशा वेळी गप्प राहणे हेच समुपदेशकाचे खरे काम असते, आणि ते मला जमू लागले आहे याचे मला समाधान वाटते. दोन-तीन मिनिटांनी ती बोलू लागली. तेरा वर्षांची असताना तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती. अनेक महिने ती अंथरुणात होती आणि त्याच काळात तिने ती मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती. रोज सकाळी एक परिचारिका पट्टी बदलायला येई, गाठ बाहेरच्या बाजूला बांधी, म्हणजे झोपेत रुतू नये. तिचे नावही या मुलीला आठवत नव्हते. बोटे मात्र आठवत होती.

"आणि मॅडम, मी खरोखरच कुबड्या वापरल्या आहेत. पाच महिने. त्या होत्या म्हणून मी खिडकीपर्यंत जाऊ शकले."

त्या टीकाकाराने लिहिलेला शब्द तिने असा उचलला आणि स्वतःचा करून टाकला. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी बोटांवर मोजू शकेन.

माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर झाली आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. १९५४ मध्ये सर्जनशीलतेवर लिहिताना त्यांनी एक अट विशेष महत्त्वाची मानली होती: आपल्या कामाचे मोल ठरवणारी जागा माणसाच्या आत असली पाहिजे. जे घडवले ते मला समाधान देते का, माझ्यातले काही त्यातून व्यक्त होते का, हा प्रश्न त्याने प्रथम स्वतःला विचारला पाहिजे. या कसोटीवर पाहिले तर फॅन आर्ट की ओरिजिनल हा वाद चुकीच्या जागी भांडला जातो, असे माझे ठाम मत आहे. उसन्या पात्रातून अगदी खाजगी अनुभव बोलू शकतो. उलट, स्वतःच्या म्हणवलेल्या पात्रात सध्या जे चालते त्याची केवळ गोळाबेरीज असू शकते. पात्र कोणाचे आहे यावरून चित्र कोणाचे आहे हे ठरत नाही.

तिला मी व्हॅन गॉगची गोष्ट सांगितली. १८८९ मध्ये फ्रान्समधील सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात असताना, मॉडेल मिळत नसत तेव्हा, त्याने मिले या चित्रकाराच्या चित्रांच्या कृष्णधवल छापील प्रती समोर ठेवून त्या रंगांत उतरवल्या. अशी वीसहून अधिक चित्रे त्याने केली. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने याची तुलना वादकाशी केली आहे: बेथोव्हेनची रचना वाजवणारा तिच्यात स्वतःचा अर्थ घालतोच. त्या चित्रांतले शेतकरी मिलेचे आहेत, पण त्यांतला निळा आणि पिवळा पाहून कोणालाही ती मिलेची वाटणार नाहीत. जपानमध्ये डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या कॉमिक मार्केट या मेळ्यातही हौशी चित्रकारांची फॅन आर्टची आणि स्वतःच्या कथांची पुस्तके एकाच छताखाली विकली जातात आणि पुढे व्यावसायिक झालेले अनेक चित्रकार अशाच हौशी पुस्तकांतून आले आहेत.

आता लाइकच्या आकड्यांविषयी, कारण जवळपास प्रत्येकाचे रडू तेथूनच सुरू होते. फॅन आर्ट पाहणारा माणूस बहुधा त्या पात्राचे नाव शोधत आलेला असतो. पात्रावरचा त्याचा जीव आधीच जडलेला असतो आणि चित्राला फक्त त्याला हाक मारायची असते. तुमच्या नव्या पात्राचे नाव मात्र कोणीच शोधत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नसते. ते नाते शून्यापासून जोडावे लागते आणि त्याला एक चित्र नव्हे, अनेक चित्रे आणि बराच काळ लागतो. म्हणून चाळीस आणि चार हजार या आकड्यांची तुलना करणे म्हणजे नव्याने राहायला आलेल्याच्या दारावरची वर्दळ जुन्या रहिवाशाशी ताडून पाहणे आहे. ओरिजिनल काम करणारेही माझ्याकडे याच दुःखाने येतात. "चार वर्षं मी एक जग उभं करतोय आणि टाळ्या त्यांना मिळतात," असे म्हणणारा एक तरुण मला आठवतो. फॅन आर्टवरचा त्याचा राग ओसरला तेव्हा खाली एकटेपणा निघाला, आणि आम्हाला काम त्यावर करावे लागले.

काही मर्यादा मात्र मी स्पष्ट सांगते. दुसऱ्याचे चित्र रेषेवर रेष ठेवून ट्रेस करणे आणि स्वतःचे म्हणून मिरवणे हे फॅन आर्ट नव्हे. पात्राचे हक्क सामान्यतः मूळ निर्मात्याकडे असतात, म्हणून कमिशन (पैसे घेऊन मागणीनुसार चित्र काढण्याचे काम) घेण्यापूर्वी किंवा प्रिंट विकण्यापूर्वी त्याने चाहत्यांसाठी काही नियम जाहीर केले आहेत का, ते वाचावे. अपराधभाव पुष्कळदा या न वाचलेल्या नियमांतून येतो आणि वाचल्यावर निम्मा उतरतो. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की "स्वतःचं कधी काढणार?" असे विचारू नका. "यात तू काय बदललंस?" असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. चित्रकारांना मी एवढेच सुचवते, की प्रत्येक चित्र पोस्ट करण्यापूर्वी आठवडाभर फक्त स्वतःजवळ ठेवावे आणि त्यात मूळात नसलेली एक तरी गोष्ट शोधून त्याच्या मागे लिहून ठेवावी. काही वेळा काहीच सापडत नाही. तेव्हा तो निव्वळ सराव असतो, आणि सराव केल्याबद्दल कोणाची माफी मागायची नसते.

शेवटच्या भेटीत ती स्केचबुक घेऊन आली. पहिल्या पानावर पाठमोरी बसलेली एक स्त्री होती, कोणत्याही मालिकेत नसलेली. तिच्या मांडीवर पट्टीची गुंडाळी होती आणि बोटे कामात होती. ते पोस्ट केले का, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पान उलटले तर पुढे पुन्हा तोच योद्धा बसला होता, पट्टी अर्धी सोडून, उजेडात पाय पसरून.