शाळेतून आलेला २५ प्रश्नांचा फॉर्म भरा, पण सही करायच्या आधी एवढं विचारा

ताई, दुसरीतल्या मुलीच्या शाळेतून मानसिक आरोग्य तपासणीचा २५ प्रश्नांचा फॉर्म आलाय, उद्या तिच्यावर शिक्का बसेल का, असं तुम्ही विचारलंय, आणि सासूबाई म्हणतात पोरगी चांगली हाय, कशाला येड्यांच्या डॉक्टरकडं. मी प्राथमिक शिक्षिका, बरीच वर्षं शिरोळ भागात काढली, आता कोल्हापुरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२५ प्रश्न म्हणजे बहुतेक एसडीक्यू, म्हणजे पोराच्या चांगल्या बाजू आणि अडचणी विचारणारा फॉर्म असणार, रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये मांडलेला. गेल्या सहा महिन्यांत पोर कसं वागतंय, डोकं-पोट दुखतं म्हणतं का, घाबरतं का, एका जागी बसतं का, एक तरी जिवाभावाचा मित्र आहे का, असले प्रश्न आणि प्रत्येकापुढं तीनच पर्याय. त्यातले पाच तर चांगल्या वागण्याचे, ते अडचणींच्या मार्कात धरतच नाहीत. यातून आजार ठरत नाही ओ. मार्क जास्त आले तर कुणा जाणकारानं पोराला नीट बघावं एवढंच, आणि कमी आले म्हणून सगळं झकास असंही नाही.

तरी भरा म्हणते, कारण वर्गात आमचं लक्ष दंगा करणाऱ्याकडं जातं आणि गप्प बसणारं पोर शहाणं वाटतं. २०१९ च्या पुरानंतर माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा होता, अभ्यासात बरा, तक्रार कधी नाही. आभाळ भरून आलं की तास चालू असतानाच वह्या दप्तरात कोंबून दप्तर पाठीला लावून बसायचा, आणि पोटात दुखतंय, घरी सोडा म्हणायचा. घरच्यांनी जंताचं औषध दिलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. आईनं फॉर्म भरला तेव्हा पोटदुखी आणि भीती दोन्हीपुढं 'नक्की खरं' आलं, मग कुठं समुपदेशकाकडं गेला आणि हळूहळू सावरला.

त्याला पुढं बघणारं माणूस होतं म्हणून ते झालं. मला खरी काळजी तिथंच वाटते. पाठवायची सोय नसताना नुसते फॉर्म गोळा करणं मला अजिबात पटत नाही. म्हणून सरळ विचारा, फॉर्म कोण वाचणार, कुणाच्या कपाटात राहणार, मार्क जास्त आले तर कुठं आणि कधी पाठवणार, आणि आम्हाला आधी सांगणार का वर्गात नाव पुकारणार. उत्तर धड मिळालं नाही तर मिळेपर्यंत सही थांबवा, तुमचा हक्कच आहे तो.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चुळबुळ करणारी पोरं मी खूप बघितलीत. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, ते हे बघतं. पुढं गरज लागली तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

फॉर्म तुम्ही घरी भरा, वर्गाच्या बाईंना त्यांचा वेगळा भरू दे, एकमेकींचा बघून नको. पोर घरी एक आणि शाळेत एक वागत असेल तर ते तिथंच कळतं. मुलीला समोर बसवून एकेक प्रश्न विचारू नका, ती तुम्हाला आवडेल तेच सांगेल. आणि द्यायच्या आधी एक झेरॉक्स काढून ठेवा, पुढं डॉक्टरांनी विचारलं तर हाताशी असू दे.