काही घ्यायचं नसेल तर त्या महागड्या दुकानांत जाऊ देतात का?

तुम्ही विचारलंय की युरोपच्या सहलीत मिलानला एक दिवस आहे, तिथल्या त्या प्रसिद्ध ब्रँडवाल्या रस्त्यावर नुसतं फिरायला गेलो तर चालेल का, की दारावरूनच हाकलतील?

बिनधास्त जा. मी सहा वर्षं मिलानमध्ये नोकरी करतोय आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो रस्ता दाखवावाच लागतो. रस्त्याचं नाव व्हिया मोन्तेनापोलेओने. इटालियनमध्ये 'मोन्ते' म्हणजे एरवी डोंगर, पण इथे तो अर्थ नाही, सरकारी पेढीलाही तेव्हा 'मोन्ते' म्हणत. इथे सरकारी कर्जाचा कारभार बघणारी एक पेढी होती, तिला १८०४ मध्ये नेपोलियनचं नाव मिळालं आणि ते रस्त्याला चिकटलं. थोडक्यात, कर्जाच्या पेढीचा रस्ता. क्रेडिट कार्डवर पर्स घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

लांबी म्हणाल तर पाच-सात मिनिटांत संपतो. पण २०२४ च्या पाहणीत दुकानभाड्यात हा जगात पहिला आला होता : चौरस मीटरला वर्षाला २०,००० युरो. आपल्या हिशेबात दहा बाय दहाच्या खोलीला वर्षाकाठी पावणेदोन कोटींच्या आसपास. आपल्याकडे सगळ्यात महाग दिल्लीचं खान मार्केट, तिथलं भाडं याच्या जेमतेम नवव्या हिश्शाचं. पुढच्याच वर्षी लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटने याला मागे टाकलं, पण म्हणून इथलं भाडं काही उतरलं नाही. गुच्चीची मालक असलेल्या केरिंग कंपनीने तर २०२४ मध्ये या रस्त्यावरची एक अख्खी इमारतच घेतली, १३० कोटी युरोला. दुकान म्हणजे यांची जाहिरातच असते. त्यामुळे बघायला आलेला माणूस त्यांना जड होत नाही.

आत जाताना एकच पाळा. दारावरचा काळ्या सुटातला माणूस 'बोनज्योर्नो' म्हणेल, त्याला उलट 'बोनज्योर्नो' म्हणा. गुपचूप आत घुसलेलं इथे वाईट दिसतं. आमचे सांगलीचे काका आले होते, ते हात जोडून 'नमस्कार' म्हणाले. तेही चाललं.

मावशीला पर्स बघायची होती. विक्रेतीने हातमोजे घालून ती ट्रेवर ठेवली. मावशीने तिची परवानगी घेऊन पर्स उघडली, आतली शिवण बोटाने चाचपली आणि चामड्याच्या कडा बघत बसली. मावशीने वीस वर्षं ब्लाऊज शिवलेत. "टाका एकसारखा आहे गं, पण चेन साधीच आहे," हे मराठीतच सांगून झालं. मी इटालियनमध्ये फक्त "आवडली" एवढंच पोचवलं. किंमत २,९०० युरो. काकांनी चष्मा पुसला.

सगळीकडेच असं होत नाही. एका दुकानात आम्हाला वीस मिनिटं कुणी विचारलं नाही, आम्हीच बाहेर पडलो. वाईट वाटून घेऊ नका, शेजारचं दार उघडंच असतं.

किंमत विचारायचा संकोच वाटत असेल तर काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघा. काचेत मांडलेल्या मालाची किंमत लावणं इटलीत कायद्याने बंधनकारक आहे. मग ही मंडळी काय करतात, तर पोस्टकार्डापेक्षा लहान कार्डावर बारीक अक्षरात यादी छापून ठेवतात. ते वाचायला वाकलेली माणसं बघणं हा माझा आवडता उद्योग.

कॉफी मात्र तिथेच प्या, पण काउंटरपाशी उभ्याने. टेबलावर बसलात की दर बदलतो. कोव्हा हे १८१७ चं कॅफे, आधी ला स्काला नाट्यगृहाजवळ होतं, १९५० पासून या रस्त्यावर आहे. २०१३ मध्ये ते लुई व्हिताँच्या मालक कंपनीकडे गेलं. जवळच मार्केझी, १८२४ चं मिठाईचं दुकान, ते प्राडाकडे. म्हणजे कॉफीसुद्धा पर्सवाल्यांचीच.

खरंच काही घेणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. ७० युरोंच्या वर खरेदी झाली की परदेशी पर्यटकाला व्हॅट परत मागता येतो. दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना विमानतळावर तो मंजूर करून घ्यायचा. व्हॅट २२ टक्के असला तरी कमिशन वगैरे जाऊन हातात बरंच कमी येतं. मुंबईत उतरल्यावर कस्टमचा हिशेब वेगळा. सेल वर्षातून दोनदा, जानेवारीच्या सुरुवातीला आणि जुलैत. ऑगस्टमध्ये निम्मं मिलान सुट्टीवर असतं, तेव्हा शक्यतो नकोच.

मेट्रोची पिवळी लाईन, स्टेशनचं नाव रस्त्याचंच. मावशीची पर्स शेवटी कोर्सो बुएनोस आयरेसवर घेतली, तो इथला लक्ष्मी रोड समजा. ३५ युरो. तिथेही तिने आधी शिवण उलटी करून बघितली, मगच काकांना पैसे काढायला सांगितलं.