दुरंगी दुचाकी आणि श्रावणातली दमट हवा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की जुन्या मोटरसायकलींना नवे रूप देण्याची लगबग सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत गोव्याची हवा रंगकामाला सर्वांत प्रतिकूल असते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दोन रंगांच्या कामाविषयी असल्यामुळे ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (डिचोली): जुन्या बुलेटच्या टाकीवर खाली क्रीम आणि वर मरून असा रंग मारला. टेप काढली तेव्हा सीमारेषा करवतीच्या दातांसारखी दिसू लागली आणि दोन ठिकाणी क्रीम रंगही टेपबरोबर उचलला गेला. चूक कुठे झाली?

उत्तर: या दोन वेगळ्या चुका आहेत. दातेरी रेषेचे कारण बहुधा टेपमध्येच आहे. नेहमीच्या पिवळसर कागदी मास्किंग टेपला बारीक सुरकुत्या असतात. प्रत्येक सुरकुतीखाली केसाएवढा बोगदा राहतो आणि पातळ रंग त्यातून आत शिरतो. म्हणून रेषेवर आधी ३ किंवा ६ मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फाइन लाइन टेप लावावी आणि कागदी टेप तिच्या अर्ध्या रुंदीवर चढवून बाकीचा भाग झाकावा. टाकीच्या वळणावर टेप ताणून बसवू नये, कारण ताणलेली टेप अर्ध्या तासात आकसते आणि नेमकी वळणावरच उचलली जाते. ३ मिलिमीटरची टेप न ताणताही वळते. ती बसवल्यावर कडेने नख फिरवावे.

यानंतरची पायरी आपल्याकडे अनेक कारागीर गाळतात. मरून मारण्यापूर्वी टेपच्या कडेवरून क्रीम रंगाचाच एक अगदी पातळ हात द्यावा. जे काही टेपखाली झिरपायचे ते क्रीमच झिरपते, क्रीमवर क्रीम दिसत नाही आणि फट बुजते. तो हात सुकल्यावर मरूनचे पातळ थर द्यावेत. रंग फवारणाऱ्या गनचा झोत टेपवरून मोकळ्या भागाकडे जाईल असा धरावा. उलट दिशेने मारल्यास हवेचा दाबच रंगाला टेपखाली ढकलतो.

क्रीम उचलला गेला याचा अर्थ तो वरवर सुकला होता, आतून नव्हे, किंवा त्याखालच्या प्रायमरला (अस्तराच्या थराला) नीट घासलेले नव्हते. पाऊसपाण्याच्या दिवसांत पहिल्या रंगाला निदान एक रात्र द्यावी आणि टाकीच्या तळाशी, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, टेपचा तुकडा चिकटवून व उपटून खात्री करावी. उलट बाजूने फार थांबणेही बरे नव्हे. बऱ्याच बेस कोटवर, म्हणजे मूळ रंगाच्या थरावर, साधारण २४ तासांच्या आत पुढचा थर यावा लागतो, नाहीतर तो हलका घासून पुन्हा एक हात द्यावा लागतो. नेमकी मुदत डब्यावर छापलेली असते.

टेप काढण्याची वेळ शेवटच्या हातानंतर साधारण १० ते १५ मिनिटांनी येते. मास्किंगच्या कागदावर पडलेल्या रंगाला बोट लावून पाहावे: बोट चिकटते, पण रंग बोटावर येत नाही, ही ती घटका. टेपचे टोक तिच्याच अंगावर उलटे दुमडून अगदी सावकाश ओढावे. रंग कडक झाल्यावर ओढलेली टेप कडेचे टवके घेऊनच निघते.

प्रश्न (म्हापसा): टाकीच्या डाव्या आणि उजव्या बाजूची नक्षी कधीच सारखी येत नाही.

उत्तर: डोळ्यावर भिस्त ठेवू नये. टाकीच्या मध्यावरून पुढून मागे दोरा ताणून मध्यरेषा आखावी. डाव्या बाजूची टेप मनासारखी बसली की तिच्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने आकार उतरवून घ्यावा, तो कापून उलटा करावा आणि मध्यरेषेपासून तेवढ्याच अंतरावर उजवीकडे लावावा.

प्रश्न (वास्को): काळा रंग मारल्यावर काही मिनिटांतच त्यावर दुधासारखी पांढुरकी छटा आली. रंग खराब होता का?

उत्तर: रंगाला दोष देण्याआधी हवेकडे पाहावे. रंग पातळ करणारा थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे पत्रा आसपासच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या रंगावरच दवासारखे जमते. थिनर जितका जलद उडणारा, तितका हा दोष अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये सावकाश उडणारा थिनर वापरावा, पाऊस उघडलेला पाहून दुपारची वेळ निवडावी आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम पुढे ढकलावे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे, हा रंगकामातला जुना दंडक आहे. रात्रभर फरशीवर ठेवलेली टाकी सकाळी लगेच रंगवायला घेऊ नये, यामागेही हेच कारण आहे.

कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी तळाच्या नळातून रिकामी करावी. या दिवसांत तिच्यातून वाटीभर पाणी सहज निघते, आणि ते पाणी गनपर्यंत पोचले तर रंगावर फोड आल्याशिवाय राहत नाहीत. रंग कडक करणाऱ्या हार्डनरचा डबाही घट्ट बंद ठेवावा, कारण तो ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होतो. आपण वास्कोला, समुद्राच्या काठाशी राहता, म्हणून आणखी एक सूचना: घासण्यापूर्वी सुटे भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. पत्र्यावर राहिलेले मीठ रंगाखाली ओलावा ओढते आणि वर्षभरात तांबेऱ्याचे फुगवटे दिसू लागतात. आता पांढुरका झालेला थर कडक झाला असेल तर ८०० नंबरच्या पाणी पेपरने (पाण्यासह वापरायच्या सँडपेपरने) घासून कोरड्या दिवशी नवा हात देणे, एवढाच उपाय आहे.

प्रश्न (फोंडा): चंदेरी मेटॅलिक आणि गडद निळा यांपैकी आधी कोणता मारावा? दोन रंगांच्या मधली पायरी बोटाला लागू नये, असे वाटते.

उत्तर: फिकट रंग आधी, हा सर्वसाधारण नियम, कारण गडदावर फिकट झाकायला अधिक थर लागतात. चंदेरीच्या बाबतीत एक अडचण आहे. त्यातील अॅल्युमिनियमचे कण ज्या कोनात बसतात त्यावर छटा ठरते, त्यामुळे टेपने तो दुखावला तर तेवढ्याच जागी डागडुजी करता येत नाही. केलीच तर ती जागा काळसर ठिगळासारखी दिसते. म्हणून चंदेरीवर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा, एक हात देऊन तो सुकू द्यावा, ८०० नंबरने हलका घासावा आणि मगच टेप लावावी. चंदेरी मारताना १.३ मिलिमीटर नोझलची गन १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर धरावी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा आणि मनगट न वळवता हात सरळ न्यावा.

पायरी घालवण्यासाठी अंतिम क्लिअरचे दोन हात देऊन दुसऱ्या दिवशी मऊ ब्लॉकवर १००० नंबरचा पाणी पेपर लावून घासावे. उंच भाग आधी मंद होतो आणि रेषेलगतची खोलगट बाजू चमकत राहते; ती चमक गेली की पृष्ठभाग सपाट झाला. त्यावर पुन्हा दोन हात. क्लिअर पेट्रोलच्या झाकणाच्या गळ्यात आतपर्यंत वळवावे, कारण रंगाखाली पेट्रोल शिरते ते तिथूनच.

प्रश्न (पेडणे): लष्करी हिरवा आणि काळा अशी जोडी ठरवली आहे. कायद्याची काही अडचण?

उत्तर: आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. अन्य रंगांच्या बाबतीतही वाहनाचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो, म्हणून गन हाती घेण्यापूर्वी वाहतूक कार्यालयात चौकशी करून नोंद बदलून घ्यावी. पुढचा मडगार्ड पिवळा करण्याचा मोहही टाळावा. गोव्यात तो पायलटांचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांचा, रंग आहे आणि बसस्टँडजवळ थांबलात तर कोणीतरी मागे बसून पणजीचे भाडे विचारील.

प्रश्न (साखळी): घराच्या पडवीत, तोंडाला रुमाल बांधून हे काम करता येईल का?

उत्तर: रुमाल धूळ अडवतो, वायू नव्हे. हार्डनर मिसळलेल्या रंगात आयसोसायनेट नावाचे घातक रसायन असते आणि त्याने एकदा दमा जडला की पुढे अल्प मात्राही सोसत नाही. नुसत्या रंगकामाला सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा व हातमोजे हवेत. हार्डनर असलेल्या रंगासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच योग्य. तो नसेल तर सुटे भाग घासून तयार करावेत आणि फवारणी बूथ असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावी. साखळीच्या लाल धुळीपासून ओले क्लिअरही तिथेच वाचेल. टाकी गाडीवरून उतरवून, पेट्रोल पूर्ण काढून, झाकण उघडे ठेवून मोकळ्या हवेत वाळवल्याशिवाय घासायलाही घेऊ नये. पडवीत प्रायमरचे किरकोळ काम करणारच असाल, तर तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागण्याच्या बऱ्याच आधी गन धुऊन, थिनरचा डबा बंद करून घरापासून दूर ठेवलेला असावा.