कमी पैशाच्या बेसबॉल संघाने वय झालेल्या स्टारवर किती खर्च करावा?

वर्षा-दोन वर्षांचा करार, त्यापुढे नको. मिनेसोटा ट्विन्सचं बघा. 2010 मध्ये त्यांनी घरच्या पोराला, जो मावरला, आठ वर्षांचे 18.4 कोटी डॉलर कबूल केले, थेट पस्तिशीपर्यंतचे. कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टीरक्षकासारखा) असून अशी फलंदाजी दुर्मीळ, म्हणून ती किंमत. 2013 मध्ये मास्कवर चेंडू आदळून डोक्याला मार बसला आणि पुढच्या वर्षापासून तो फर्स्ट बेसवर, म्हणजे पहिल्या तळाजवळच्या क्षेत्ररक्षणाच्या जागी. तिथे तगडे फलंदाज ढिगाने मिळतात. पगार मात्र वर्षाला 2.3 कोटीच! (मला मावर आवडायचा, तरीही.) न्यूयॉर्क यँकीजसारख्या श्रीमंत संघाला असा फटका पचतो. कमी पैशाचा टॅम्पा बे रेज संघ हिशेबी: लाडक्या इव्हान लाँगोरियाला कराराची पाच वर्षं बाकी असताना, बत्तिशीतच, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला देऊन मोकळे झाले.